आधी सॅल्यूट कुणाचा?

पंजाबातल्या एका छावणीत जीपमधून तरणाबांड कॅप्टन उतरला. मी तेव्हा नायब सुभेदार. सॅल्यूट आधी मीच करायचा, हा नियम. पण माझं 'जय हिंद साहब' ऐकताच त्याच्याच टाचा खाड्कन जुळल्या. छाती पुढं, हनुवटी वर, नजर समोर. क्षणभर आम्ही दोघंही तसेच. मग तो ओशाळून हसला. "उस्ताद, आदत गई नहीं."

काही वर्षांपूर्वी तो खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, माझ्या तुकडीत होता आणि मी ड्रिल उस्ताद, हवालदार. पोरगं अभ्यासात हुशार, धावण्यात पुढं. पण 'तेज चल' म्हटलं की उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढं जायचा. बाकीची पोरं हसू दाबायची. तीस इंचाचं पाऊल, मिनिटाला एकशेवीस, एवढंच गणित; त्याचं काही जमेना. मी त्याला रगडा, म्हणजे शिक्षेची कसरत, दिला, सिंहगडाकडं तोंड करून उन्हात उभा केला. शेवटी संध्याकाळी एकट्याला बाजूला घेतलं आणि शेजारी उभं राहून त्याच्याबरोबर चालत राहिलो. तेराव्या दिवशी हात सुटला. दोघांनीही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

तीन वर्षं, सहा टर्म. मग संचलन होतं आणि पोरं संथ चालीत 'अंतिम पग' टाकून निघून जातात. लोकांना वाटतं, ती अधिकारी झाली. तसं नसतं. लष्करात जाणाऱ्याला पुढं डेहराडूनला वर्षभर घासावं लागतं, खांद्यावरचे दोन तारे तिथं चढतात. म्हणजे पेरणी आमची आणि कापणी दुसऱ्याच्या रानात. त्याचे तारे मी पाहिले ते थेट त्या छावणीत. म्हणून तो सॅल्यूट मी जरा जास्तच कडक ठोकला असेन.

काहीजण विचारतात, कालच्या पोराला सलाम करताना कमीपणा वाटत नाही का? अहो, तोच तर आमचा पगार! माझ्या हाताखालचा पोरगा माझ्या वर गेला नाही, तर मी शिकवलं काय?

पण या अभिमानाला एक टोचणीही आहे. आम्ही ज्या मैदानावर पोरांना घासायचो, त्याचं नाव खेतरपाल परेड ग्राउंड. अरुण खेतरपाल पुण्यात जन्मले, याच एनडीएत शिकले. जून १९७१ मध्ये अधिकारी झाले आणि १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत पेटलेला रणगाडा न सोडता लढत गेले. वय एकवीस. मरणोत्तर परमवीर चक्र. त्यांनाही कुठल्यातरी उस्तादानं पाऊल शिकवलं असेल. बातमी कळली तेव्हा त्या माणसाचं काय झालं असेल, हा विचार मैदानावर कधी पाठ सोडत नसे. म्हणून पोरांवर ओरडताना आवाज चढायचा. आज चुकला तर इथं रगडा मिळेल. तिकडं चुकला तर माफी नाही.

३० मे २०२५ ला एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. सतराजणी. मी घरी टीव्हीसमोर होतो. नातीनं विचारलं, "आबा, तुम्ही ताठ का बसलाय?" मला कळलंच नव्हतं.

तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी उद्या तिथून पास होईल. त्या दिवशी बॅन्डबरोबर, साहेबांबरोबर फोटो काढालच. कडेला हातात पावलं मोजायची पेस स्टिक घेतलेला एक हवालदार उभा असेल. तो स्वतःहून पुढं येणार नाही. त्याला बोलवा, पोरांच्या शेजारी उभं करा आणि मग फोटो काढा.