शब्दामागचा माणूस : ड्रेकोनियन

इंग्रजी वृत्तपत्रांत एखाद्या कायद्याला ‘ड्रेकोनियन’ म्हटलेले आपण वाचतो. हे विशेषण ड्रेको या माणसावरून आले. इ.स.पू. ६२१ च्या सुमारास त्याने अथेन्सचे कायदे प्रथम लेखी केले. प्लुटार्क सांगतो, फळे-भाजी चोरणाऱ्यालाही मृत्युदंडच! पुढे सोलनने मनुष्यवधाचा तेवढा ठेवून बाकीचे कायदे रद्द केले.

मराठीत आपण ‘जुलमी’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘कराळ’. मात्र हेल्मेट नसल्याचा दंड ड्रेकोनियन नव्हे, तो नुसता कडक. खटल्याशिवाय डांबून ठेवणारा १९१९ चा रौलट कायदा खरा ड्रेकोनियन! मुलांना हा फरक जरूर सांगा. शब्द उठसूट वापरला, तर खऱ्या जुलमाच्या वेळी तो बोथट झालेला असतो.