साथीच्या माथी खापर

सोयाबीनचं पाणी, कपाशीचा भाव, निवडणुकांची धूळ यांवर अंकात मजकूर आहेच. मला वर्षभर छळलं ते एका वाक्यानं: 'कोरोनात बंद पडलं.' पांढरकवड्यात नि आसपासच्या खेड्यांत काहीही मोडलेलं दाखवा, उत्तर हेच. तालुक्यातल्या एका गावचं वाचनालय कुलूपबंद आहे. कुलूप उघडायला लावून देवघेवीचं रजिस्टर पाहिलं. शेवटची नोंद 2018 ची. ग्रंथपालाचं मानधन त्याच्याही आधी थांबलेलं. कादंबऱ्यांच्या कपाटाला खालून वाळवी लागलेली, वरचा कप्पा मात्र शाबूत.

म्हणून यंदाच्या अंकाचा विषय ठेवला 'साथी आणि साम्राज्यं'. आलेल्या बऱ्याच लेखांनी रोमचा निकाल एका ओळीत लावला: साथ आली, साम्राज्य गेलं. टायग्रिसकाठच्या मोहिमेवरून रोमन फौजा इ.स. 165-166 च्या सुमारास रोग घेऊन परतल्या, हे खरं. गेलन या वैद्यानं त्याची लक्षणं लिहून ठेवली. बहुधा ती देवीची साथ असावी. माणसं भयंकर मेली. तरी मार्कस ऑरेलियसनं गुलाम नि ग्लॅडिएटरसुद्धा सैन्यात घेऊन सरहद्द राखली. पश्चिमेचा शेवटचा सम्राट पायउतार झाला 476 मध्ये, तीनशे वर्षांनी. मधल्या काळात सिंहासनासाठी झालेल्या यादव्या, नाण्यातली आटत गेलेली चांदी, हे सगळं कुणाच्या खात्यावर मांडायचं?

आपल्या विदर्भातलंच बघा ना. वाकाटक राजांनी नगरधन नि वाशीमहून राज्य केलं. त्यांच्यातल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची बरीच लेणी खोदली गेली, आणि त्याच्यामागे थोड्याच वर्षांत सारं विस्कटलं. दंडी या संस्कृत कवीच्या 'दशकुमारचरिता'तल्या विश्रुताच्या कथेत इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींना याच पडझडीचं प्रतिबिंब दिसलं. कथा म्हणजे काही ताम्रपट नव्हे, पण तिच्यातला विदर्भाचा तरुण राजा ओळखीचा वाटतो. त्याला राज्यकारभाराचा कंटाळा. वसुरक्षित हा जुना मंत्री चार गोष्टी सुनावतो, तर राजा त्यालाच दूर सारतो. मग शेजारच्या अश्मक राजाच्या माणसांनी लावलेल्या शिकारीच्या नि मद्याच्या नादात बुडतो. शेवटी त्याचेच मांडलिक शत्रूला जाऊन मिळतात. राज्य बुडायला तिथं साथ लागत नाही.

साथीचा घाव मी नाकारत नाही. 1897 मध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना गेल्या. 2021 च्या उन्हाळ्यात आपल्याकडेही धडधाकट माणसं ऑक्सिजनवाचून गेली. चीड येते ती यासाठीच. त्या मेलेल्यांच्या आड आज कुणीही लपतो. ज्यानं मानधन अडवलं तोही, आणि ज्यानं ते निमूट अडू दिलं तोही.

पुढच्या ग्रामसभेत कुणी कोरोनाचं नाव काढलं, तर त्याला तारीख विचारा. शेवटचा पगार कधी झाला, शेवटची पावती कधी फाटली, ठरावावर सही कुणाची. मिळेल ते आमच्याकडे लिहून पाठवा. आम्ही छापू.