बोटीत बरोबर कोण आहे, ते आधी विचारा

पाळी, वेळगे, कोठंबी, सुर्ल या आपल्या पट्ट्यातल्या सगळ्या मंडळींना, आणि त्यातही ज्यांच्या घरात यंदा ‘आई-बाबांना एकदा क्रूझवर न्यायचं’ असं घाटतंय त्यांना हे सांगणं आहे. भाडं किती, शाकाहारी जेवण मिळेल का, खोलीला खिडकी आहे का, हे आपण सगळं विचारतो. बोटीत आपल्याबरोबर कोण असणार, साधारण कुठल्या वयाची माणसं असणार, एवढं मात्र विचारायचं राहून जातं. मोठ्या जहाजावर ते नाही विचारलं तरी निभावतं. छोट्या बोटीवर निभावत नाही.

२०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईहून सुटू लागलेलं कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ घ्या. हजाराच्या वर माणसं आणि मजल्यावर मजले. एका मजल्यावर नाचगाणी चालली असली तर दुसऱ्यावर शांतपणे चहा पिता येतो. नको असलेल्या गर्दीपासून एक जिना चढून सुटका होते. छोटी बोट म्हणजे लग्नघर. बसायची जागा एकच, पंगत एकच, गोंगाट झाला तर तो सगळ्यांच्या कानावर, आणि रुसून बसायला कोपरा नाही. पन्नास माणसांत पंचेचाळीस जण पंचविशीतले असले आणि उरलेले पाच जण तुमच्या घरचे सत्तरीतले असले, तर ती बोट कितीही चांगली असो, तुमचे पैसे वाया गेले असं समजा. उलटही खरंच. सगळी निवृत्त मंडळी आणि त्यांत तुमची दोन शाळकरी पोरं असली, तर दुसऱ्या दिवशी पोरं मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसणार आणि त्यावरून घरात वाद होणार.

आपल्या घरच्यांना बोटीची पहिली ओळख बहुधा पणजीलाच होते. सांता मोनिका जेटीवरून संध्याकाळी सुटणाऱ्या मांडवीतल्या त्या तासाभराच्या फेऱ्या. पाहुणे आले की आपण त्यांना तिथं नेतो आणि स्वतः मात्र नीट बघत नाही. पुढच्या वेळी बघा. वरच्या डेकवर एक छोटं स्टेज असतं. निवेदक आधी लहान मुलांना नाचायला बोलावतो, मग जोडप्यांना, मग फक्त बायकांना, मग फक्त पुरुषांना. मध्ये देखणी, फुगडी, कोरिदिन्यो होतो. प्रत्येकाची पाळी येते, आजी-आजोबांची तेवढी येत नाही. ते कठड्याजवळच्या खुर्च्यांवर, स्पीकरपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब, मांडीवर सगळ्यांच्या पर्सा आणि चपला सांभाळत बसलेले असतात. समोरून पणजीचे दिवे सरकत असतात, पण स्टेजच्या गर्दीमुळे तेही अर्धेच दिसतात. तासाभराची गोष्ट म्हणून चालून जातं. हाच प्रकार तीन रात्री चालला तर काय होईल, त्याचा विचार तिकीट काढण्यापूर्वी करायचा.

बोटीवर कुठल्या वयाची माणसं येणार, हे बरंचसं आधी ओळखता येतं. पहिली गोष्ट रात्रींची. प्रवास जितका लांब, तितकी माणसं वयस्क, कारण नोकरीवाल्याला आठ-दहा दिवस रजा मिळत नाही. एक-दोन रात्रींच्या बोटीवर तरुण मंडळी आणि मित्रांचे गट जास्त. २०१८ मध्ये मुंबई-मुरगाव अशी ‘आंग्रिया’ सुरू झाली होती. मूळची ती जपानमध्ये टोकियोहून ओगासावारा बेटांकडे जाणारी प्रवासी बोट. संध्याकाळच्या आत मुंबई सोडायची आणि सकाळी गोव्यात, असा तिचा बेत. एका रात्रीचाच मामला असल्यामुळे शनिवार-रविवारवाले, तान्ह्या पोरांचे आईबाप, चाकरमानी, सगळेच तिच्यात चढू शकत होते. काही हंगामांनंतर ती बंद पडली. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला इक्वेडोरची गॅलापागोस बेटं. तिथं एका बोटीवर शंभराहून जास्त प्रवासी नेता येत नाहीत, आणि पुष्कळ बोटी तर फक्त सोळा जणांच्या असतात. भाडं जबर, प्रवास आठवड्याचा, म्हणून एरवी पांढऱ्या केसांची माणसं जास्त आणि शाळेच्या सुट्ट्यांत कुटुंबं.

दुसरी गोष्ट दिनदर्शिकेची. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्रातल्या छोट्या बोटी बंद, म्हणजे हंगाम ऑक्टोबर ते मे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आठवड्याच्या मधल्या वारी गेलात तर निवृत्त जोडपी भेटतील. नाताळ ते नववर्ष हा आठवडा तरुणांचा आणि आवाजाचा, शिवाय दर दुप्पट. म्हाताऱ्या माणसांना त्या दिवसांत कुठल्याच बोटीवर नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मे महिन्यात पोरंच पोरं, पण उकाडा असतो आणि महिना सरता सरता समुद्रही खवळू लागतो. तिन्ही पिढ्यांना एकत्र न्यायचं तर दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दिवस मला सगळ्यांत बरे वाटतात. हवा निवळलेली, समुद्र शांत, आणि भाऊबीज उरकल्यामुळे सूनबाईंच्या डोक्यावरही काही नसतं.

आता तब्येतीचं. ‘आईला बोट लागेल’ म्हणून घरीच ठेवतात, हे मी फार ऐकलं आहे. बोट सगळ्यांत जास्त लागते ती साधारण दोन ते बारा वर्षांच्या पोरांना. वय वाढतं तसा हा त्रास बहुतेकांचा कमी होत जातो. म्हाताऱ्या माणसांना धोका असतो तो पडण्याचा. छोटी बोट जास्त हलते, जिना उभा असतो, संडासाचा उंबरठा चांगला वीतभर उंच असतो आणि रात्री उठावं लागतं. म्हणून पिशव्या पोरांसाठी घ्या आणि बॅटरी आजोबांसाठी. खोली मागताना मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची मागा. तिथं हेलकावा सगळ्यांत कमी बसतो. उलटीच्या गोळ्या मात्र दुकानातून परस्पर आणून आई-बाबांना देऊ नका. त्यांतल्या पुष्कळ गोळ्यांनी गुंगी येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर काही गोळ्या बाधतात. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

चढण्या-उतरण्यावरून छोट्या बोटीचं सगळं ठरतं, आणि याबद्दल जाहिरातीत एक अक्षर नसतं. लक्षद्वीपला कोचीहून जहाजानं नेणारी ‘समुद्रम’ नावाची सरकारी सहल आहे. दिवसा बेटावर, रात्री जहाजावर, आणि कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशी बेटं. आपल्या माणसाला परवडण्यासारखी, उष्ण कटिबंधातली खरीखुरी छोट्या जहाजाची सफर म्हणाल तर ती हीच. पण बेटाभोवतीच्या उथळ पाण्यामुळे जहाज बाहेरच थांबतं, आणि जहाजाच्या बाजूच्या दारातून लहान बोटीत उतरावं लागतं. खालची बोट वर-खाली होत असते, आणि ती वर आली की त्याच क्षणी पाय टाकायचा. खलाशी दोन्ही हात धरतात, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला दिवसातून दोनदा हे जमणार का, ते घरातच ठरवा. इथं बरोबरची माणसं कुठल्या वयाची आहेत त्याला महत्त्व येतं. बोटीत धडधाकट मंडळी पुरेशी असली तर एकेका म्हाताऱ्या माणसाच्या मागेपुढे कुणी ना कुणी उभं राहतं. सगळीच सत्तरीची असली तर चार खलाशी कुणाकुणाला धरणार?

नदीतसुद्धा हा प्रश्न आहेच, फक्त आपल्याला सवयीनं दिसत नाही. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पूर्ण भरती दुपारच्या आसपास येते, म्हणजे संध्याकाळच्या बोटीच्या वेळेला पाणी नेमकं तळाला गेलेलं असतं. फळी उतरती होते आणि धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा संध्याकाळी पाणी चढलेलं असतं आणि फरकही कमी. म्हाताऱ्यांना न्यायचं तर अष्टमी-नवमी बघा. जुने तांडेल हे बोटांवर मोजून सांगतात. आपल्या भागात बार्जवर काम केलेली माणसं अजून आहेत, त्यांना विचारा. या पट्ट्यातल्या खाणींचा माल वर्षानुवर्षं बार्जमधून मांडवीनं मुरगावला गेला. २०१२ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत नदी म्हणजे बार्ज एवढंच आपल्याला माहीत. माती वाहून नेणारी नदी माणसंही नेते, हे आपण जवळजवळ विसरूनच गेलो.

पूर्वी मुंबई-पणजी आगबोट होती तेव्हा कुणी वयाचा हिशेब करत नव्हतं. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या बोटींच्या डेकवर वळकटी पसरली की शेजारी बाळंतीण, पलीकडे काशीला निघालेली म्हातारी, अलीकडे पहिल्या नोकरीला निघालेला पोरगा. त्या काळाचं मला फार कौतुक करायचं नाही. दुसरा सोयीचा रस्ता नव्हता म्हणून सगळे एकत्र होते, हौसेनं नव्हे. पण रात्रभर कुणीतरी कुणाच्या तरी मुलाकडे बघत असे, हेही तितकंच खरं. आता सहल विकणाऱ्यांनी माणसं वयावारी वेगळी केली आहेत. ज्येष्ठांची वेगळी, बायकांची वेगळी, नवविवाहितांची वेगळी. बायकांच्या सहलींना माझा अजिबात विरोध नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना वाढणाऱ्या बाईला चार दिवस कुणाचं ताट मांडायला नको, याहून मोठं सुख कुठलं? माझी तक्रार आहे ती आपल्या गावांतल्या ‘ज्येष्ठांच्या सहली’बद्दल. पन्नास म्हातारी माणसं, एक बस, बरोबर दोन कार्यकर्ते, आणि बोटीत चढताना एकच तारांबळ.

भजनी मंडळं, स्वयंसाहाय्य गट, क्लब, सगळ्यांना माझी विनंती आहे की यंदा बोटीची सहल काढाल तर ती मिसळून काढा. आजी-आजोबा येणार असतील तर त्यांच्याबरोबर घरातलं एक दहावी-बारावीचं किंवा कॉलेजचं पोर आलंच पाहिजे, अशी अट घाला. पोरांना सांगा की येणं फुकट आहे, पण काम ठरलेलं आहे: चढता-उतरता हात द्यायचा आणि औषधाची पिशवी सांभाळायची. अगदी लहान मुलं असतील तर त्यांचे आईबाप हवेत. नातवंडं आजीच्या गळ्यात घालून आईबापांनी वरच्या डेकवर जायचं, हे चालणार नाही. तीस-चाळीस माणसं झाली तर अख्खी बोट भाड्यानं ठरवता येते का, ते विचारा. बोट आपली असली की आवाज किती ठेवायचा तेही आपल्या हातात. अर्धा वेळ गाणी, अर्धा वेळ नुसती नदी, असं आधीच कबूल करून घ्या.

पैसे भरण्यापूर्वी घरच्यांची चाचणी फुकट घेता येते. नार्वेला जा, सप्तकोटेश्वराचं दर्शन घ्या आणि तिथून फेरीबोटीनं दिवाडीला जाऊन परत या. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. उताराच्या रॅम्पवरून आई कशी चालते, बोट सुटताना बाबा कठडा धरतात की नाही, पोरगं काठाकडे धावतं का, इंजिनाच्या धुरानं कुणाला मळमळतं, हे सगळं त्या दहा मिनिटांत समजतं. पेडण्याकडची मंडळी हेच केरी-तेरेखोलच्या फेरीवर करू शकतील. तिथं समुद्र जवळ असल्यामुळे लाटेचा अंदाजही येतो.

मग एजंटाला फोन करा आणि गोड बोलण्यात न अडकता विचारा. त्या तारखेला आतापर्यंत किती तिकिटं गेली, त्यांत मुलं किती आणि साठीच्या वरची माणसं किती? मोठा गट आहे का, आणि तो कसला, लग्नाचा, कंपनीचा की कॉलेजचा? धक्क्यावरून सरळ चढायचं की मध्ये लहान बोट? रात्री संगीत किती वाजता थांबतं? लहान मापाची जीवरक्षक जॅकेटं आहेत का? १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसं बुडाली. तेव्हापासून जॅकेटं बोटीवर दिसू लागली आहेत, पण मोठ्या माणसाचं जॅकेट पाच वर्षांच्या पोराला घातलं तर पाण्यात ते डोक्यावरून निसटतं. जॅकेट पोराला तिथंच घालून बघा. वयाची माहिती एजंटाकडे असतेच, तिकिटासाठी आधारकार्ड घेतलेलं असतं. नावं कुणाचीच नकोत, फक्त अंदाज सांगा म्हणावं. तो टाळाटाळ करू लागला तर तारीख बदला किंवा एजंट बदला.

आणि हे सगळं चतुर्थी झाल्या झाल्या करा. दिवाळीच्या तारखा भराभर जातात, आणि लक्षद्वीपला जायचं तर प्रवेश परवान्याची कागदपत्रं जमवायलाही वेळ लागतो.