भीमथडीच्या तट्टाचा अनामिक बाप

मंडळी, बीदरला पाहुणे आले की आपण त्यांना किल्ला, रंगीन महाल आणि महमूद गवानचा मदरसा दाखवतो. घोड्यांचा विषय मात्र निघत नाही. खरे तर बहमनी राज्याची सारी ताकद घोडदळावर होती, आणि उत्तम घोडे येत ते अरबस्तान-इराणकडून, समुद्रमार्गे.

त्यातल्या एका घोड्याची गोष्ट लिहून ठेवलेली आहे. १४७० च्या आसपास रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन होर्मूझहून जहाजाने चौलला उतरला. सोबत विकायला आणलेला एकच नर घोडा. जुन्नरच्या खानाने तो काढून घेतला आणि अट घातली : धर्म बदल, घोडा परत देतो, वर हजार सोन्याची नाणी. ओळखीच्या एका खोरासानी माणसाने रदबदली केली, घोडा सुटला आणि शेवटी आपल्या बीदरमध्ये विकला गेला. सांभाळायला किती खर्च आला हेही निकितिनने टिपून ठेवले. घोड्याचे नाव मात्र लिहिले नाही.

त्याच्या टिपणांत आणखी दोन गमती आहेत. इथे घोड्यांना साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी खाऊ घालतात, असे तो लिहितो. आणि बीदरपासून १२ कोसांवर दरवर्षी १० दिवस भरणाऱ्या बाजाराचे वर्णन करतो, जिथे २०,००० पर्यंत घोडे विक्रीला येत. अभ्यासकांच्या मते हा बाजार म्हणजे आपले कलबुर्गी जिल्ह्यातले आळंद!

आता आळंद तालुक्यातून वाहत येणारी अमरजा कुठे मिळते ते आठवा. गाणगापूरला, भीमेत. याच भीमेच्या वरच्या खोऱ्यात, म्हणजे थडीला, पुढे एक जात नावारूपाला आली : भीमथडी. इथल्या काटक घोड्या आणि अरबी-तुर्की नर यांच्या संकरातून ती घडली, असे मानले जाते. उंचीने बेताची, पण डोंगर चढणारी, थोड्या वैरणीवर राहणारी. मराठ्यांच्या फौजा दूरवर धावल्या त्या अशा तट्टांच्या जोरावर.

काटकपणाचे श्रेय आपण भीमेच्या पाण्याला नि मातीला देतो, ते योग्यच. पण बापाचे काय? घोडी ११ महिने गर्भ वागवते आणि वर्षाला फार तर एक शिंगरू देते. नर एका हंगामात कितीतरी शिंगरांचा बाप होतो. म्हणून पागेतला एक चांगला नर दोन-तीन पिढ्यांत सगळ्या मुलखाची घोडी बदलून टाकतो. १७०४ मध्ये इंग्लंडला नेलेला डार्ली अरेबियन हा एकच घोडा घ्या. आज जगातल्या बहुतेक सर्व शर्यतीच्या थॉरोब्रेड घोड्यांची पितृवंशाची रेषा त्याच्यापाशी जाते. हे कळते, कारण तिथे वंशावळ लिहिली गेली.

अरबांची रीत वेगळी. त्यांच्या बदाउनी टोळ्यांत घोड्याचे कूळ आईवरून ओळखतात. आपल्या घरच्या वंशावळीत आई-आज्या गळाल्या, त्यांच्या कुळाच्या नावात बाप मागे राहिला. भीमथडीच्या बाबतीत तर आई-बाप दोघांचीही नोंद नाही.

याची किंमत आज कळते. मोटारी आल्या, तट्टे कमी झाली. ती टिकवली मुख्यतः मेंढपाळ धनगरांनी, कारण स्थलांतरात त्यांचा संसार तट्टाच्या पाठीवर असतो. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने आता भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आहे. पण जात कागदावर आली म्हणून टिकत नाही. कोणत्या घोडीला कोणता नर दिला, शिंगरू कसे निघाले, हे लिहिले नाही तर जवळच्या नात्यात संकर होतो किंवा भलताच नर मिसळतो, आणि गुण हळूहळू हरवतात.

हीच गोष्ट आपल्या दारातल्या देवणीची. भालकी, औराद, बसवकल्याणकडे ही जनावरे अजून दिसतात. वानेरा, बालंक्या, शेवरा हे तिचे तीन प्रकार तुमच्यापैकी किती जणांना ओळखता येतील?

तरुण मित्रांनो, सुट्टीत गावी गेलात की एवढे करा. आजोबांना विचारा, गोठ्यातली गाय कुठल्या वळूची? मिळेल ते उत्तर तारीख घालून वहीत लिहा, फोटो काढा आणि आम्हाला पाठवा. निकितिनच्या घोड्याचे नाव आता कुणालाच सापडणार नाही. तुमच्या गोठ्यातल्या वळूचे अजून आजोबांच्या तोंडी आहे.