काट्याची शिल्लक

बँकेत एका रुपयाचा फरक राहिला, तर आमचा कॅशियर घरी जात नाही. मोटारीच्या स्पीडोमीटरला मात्र खोटे बोलण्याचा चक्क परवाना! संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ३९ म्हणतो, काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये. जास्त मात्र खुशाल दाखवावा, दहा टक्के आणि वर चार किलोमीटर. म्हणजे गाडी खऱ्या ८० ने जाताना काटा ९२ वर असला तरी माफ!

आम्ही बी. कॉम. वाले याला नावे ठेवणार नाही. तोटा आधी धरा, नफा हाती आल्यावर धरा, हेच आम्हाला शिकवले. माझे भांडण आहे ते ही शिल्लक परस्पर उचलणाऱ्यांशी.

काटा बिचारा रस्ता बघत नाही, चाकाचे फेरे मोजतो. तुम्ही ऐटीत १४५/७० आर १२ चा टायर काढून १५५/६५ आर १३ चा बसवता. व्यास ५०८ चा ५३२ मिलिमीटर होतो, पण काट्याला कळवतो कोण? पूर्वी खऱ्या ६० ला तो जे दाखवी, तेच आता जवळजवळ ६३ ला दाखवतो. वर हेच गृहस्थ सांगतात, "अहो, मीटर जास्तच दाखवतो, दाबा बिनधास्त!"

एकाच ठेवीवर ही दोनदा उचल झाली. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे वेगाचे पाच टक्के तिथे दहा होतात, आणि वसुली होते रस्ता ओलांडणाऱ्या एखाद्या आजीबाईंकडून. कर्ज तुमचे, आणि जामीनदार त्या?