पाळण्यातल्या प्रवाशाचा दाखला

मे महिन्याच्या २६ तारखेपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा आणि प्रवासी होड्यांची वाहतूक बंद ठेवण्याविषयीचा सागरी मंडळाचा हुकूम दरसाल निघतो, आणि तो निघाला की मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ले या पट्ट्यातील निवासवाल्यांच्या, स्कूबावाल्यांच्या आणि होडीमालकांच्या घरी वर्षातील एकमेव खरी मोकळीक सुरू होते. वर्षभर परगावच्या मुलांना समुद्र दाखविणाऱ्या या कुटुंबांना आता आपल्या मुलांना बर्फ दाखवावासा वाटू लागला आहे, त्यासाठी त्यांच्या गाठी पैसाही साठू लागला आहे, आणि मोपाच्या विमानतळामुळे परदेशच्या विमानासाठी मुंबईची रात्र काढण्याची सक्तीही पूर्वीसारखी उरलेली नाही. या सर्व गोष्टींचा आम्हां सहल-आयोजकांना आनंदच व्हावयास हवा. परंतु गेल्या दोन महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांवरून असे दिसते की, या कुटुंबांच्या सहली बर्फापर्यंत पोहोचण्याआधीच, आणि तेही घरातील सर्वांत धाकट्या प्रवाशाच्या एका कागदापायी, ओसरीवरच मोडून पडत आहेत.

कुडाळकडील एका सभासदाने पाठविलेली कैफियत नमुन्यादाखल घेऊ. मालवण तालुक्यातील एक निवासगृहचालक, त्यांची पत्नी, सहा वर्षांची मुलगी आणि २०२४ च्या आरंभी जन्मलेला मुलगा असे चौघांचे कुटुंब स्वित्झर्लंडला निघावयाचे होते. आगाऊ रक्कम भरली गेली होती, विमानाची तिकिटेही धरून ठेवली होती. आईबापांची पारपत्रे होती, मुलीचे झाले; मुलाचे मात्र अडले, कारण त्याच्या जन्मदाखल्यात नावाची जागा कोरी होती, आणि आईचे नाव माहेरच्या आडनावासह लिहिलेले असून तिच्या पारपत्रात ते सासरच्या आडनावाने होते. नाव घालून घेण्यासाठी कुटुंब जन्मस्थळाच्या ग्रामपंचायतीत गेले, तेव्हा अधिकाऱ्यांकडे तीन गावांचा कार्यभार असून ते आठवड्यातून एकच दिवस तेथे बसतात असे कळले. त्या दिवशी गेले, तेव्हा मूळ नोंद जुन्या संगणकप्रणालीत असल्याने ती नव्या प्रणालीत आधी चढवावी लागेल असे सांगण्यात आले. ती चढली, तेव्हा अधिकाऱ्यांच्या अंकीय स्वाक्षरीची मुदत संपलेली आढळली. स्वाक्षरी नवी होऊन आली, तेव्हा छापून निघालेल्या दाखल्यात आडनावातला जो 'व' आईबापांच्या पारपत्रांत इंग्रजी 'व्ही' ने होता, तो 'डब्ल्यू' ने उमटला होता, आणि त्याच्या दुरुस्तीसाठी पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा असा तोंडी निरोप मिळाला. एवढ्यात मे महिना उजाडला होता. सहल रद्द झाली, आणि भरलेल्या रकमेपैकी मोठा हिस्सा परत मिळाला नाही.

या प्रकरणात कोणा एका इसमाने दुष्टावा केला असे आम्हांस वाटत नाही, आणि म्हणूनच ते अधिक चिंताजनक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पारपत्र नियमांत झालेल्या दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०२३ रोजी अथवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच ग्राह्य ठरविला आहे, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे. नियम स्वतः वाजवी आहे. जन्मनोंदणीचा कायदा १९६९ पासून असता जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरून आणि शपथपत्रांवरून ठरविण्याची रीत कधीतरी संपावयास हवीच होती. मोठ्या बहिणीस जी पर्यायी कागदपत्रे उपयोगी पडली असती ती धाकट्या भावाला आता उपलब्ध नाहीत, एवढाच याचा व्यवहारातील अर्थ. परंतु एका कागदावर सर्व भार टाकावयाचा, तर तो कागद ज्या दफ्तरातून निघतो त्या दफ्तराला मनुष्यबळ, साधने आणि निश्चित मुदत यांची जोड द्यावयास हवी होती. ती तजवीज कोणीच केली नाही. वरच्या कार्यालयाने नियम कडक केला आणि खालच्या कार्यालयात तो अमलात आणणारा माणूस आठवड्यातून एक दिवस बसतो, ही विसंगती पालकांच्या खिशातून भरून काढली जात आहे.

कोऱ्या नावाचे मूळ आपल्या चालीरीतींत आहे. प्रसूती रुग्णालयात होते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ-बाळंतीण घरी येते, आणि रुग्णालयाने जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यावयाची असल्याने तेथील कारकून निघतेवेळीच नाव विचारतो. बारसे तर बाराव्या दिवशी. बारशापूर्वी नाव उच्चारावयाचे नाही असे मानणारी वडील माणसे आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत, आणि 'नाव काय, मागाहून घालूक येता', असे आजीने सांगितल्यावर तो विषय तेथेच मिटतो. आजींचे म्हणणे कायद्याने खरेच आहे. वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत येते. अडचण अशी की तो 'मागाहून' चा दिवस पारपत्राची गरज लागेपर्यंत उगवतच नाही. बारशाचा दुसरा दिवस हाच नाव नोंदविण्याचा दिवस, एवढी गोष्ट जरी आशाताईंनी आणि रुग्णालयांतील परिचारिकांनी प्रत्येक घरात सांगितली, तरी आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचा मोठा भाग आपोआप संपेल.

आपल्या जिल्ह्याची आणखी एक अडचण पुणे-मुंबईच्या आयोजकांना कधी कळावयाची नाही. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले या तालुक्यांतील अनेक जोखमीच्या प्रसूती बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात होतात, कित्येक सुनांचे माहेरच गोव्यात असते, आणि पहिले बाळंतपण माहेरी हा परिपाठ अद्याप टिकून आहे. जन्माची नोंद जन्मस्थळीच होत असल्याने अशा मुलांची नोंद गोव्याच्या दफ्तरी राहते. तेथील नोंदीत मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव घालण्याची आपली पद्धत पाळलेली असेलच असे नाही. मुलाच्या नावाची रचना दाखल्यात एक आणि इतर कागदांत दुसरी झाली, किंवा आईचे नाव माहेरच्या आडनावाने लागले, की व्हिसा केंद्राच्या खिडकीवर मूल आणि त्याचे आईबाप यांचे नाते सिद्ध करावे लागते. याला उपाय आहे: १९९८ च्या कायद्याखालील विवाहनोंदणीचा दाखला आईच्या दोन्ही नावांचा दुवा जोडतो. पण तोही दाखला कित्येक घरांत नाही, आणि असला तर लग्नपत्रिकेबरोबर कोठे तरी पेटीत पडलेला असतो.

दुरुस्तीविषयी अधिकारीवर्गास एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. नोंदणी अधिनियमाच्या कलम १५ ने लेखनातील चूक सुधारण्याचा अधिकार निबंधकास दिलेला आहे. मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती लिहून स्वाक्षरी करावयाची, इतकी ती सरळ कृती आहे. तरीही 'हे आमच्या अखत्यारीत नाही', 'वरून मार्गदर्शन मागविले आहे', 'न्यायालयाचा हुकूम आणा' ही उत्तरे आमच्या सभासदांना ऐकावी लागली आहेत, आणि ती सर्व तोंडी. कायद्याने आपल्या हाती दिलेला अधिकार वापरण्यास जो अधिकारी कचरतो, तो सावधगिरी पाळीत नसून नागरिकाचा हक्क अडवून धरीत असतो. जन्मदाखला देणे ही २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखालील अधिसूचित सेवा आहे. मग दाखल्यातील चूक सुधारून देणे हे त्याच सेवेचे अंग मानून तितक्याच दिवसांत का होऊ नये, याचे उत्तर आम्हांला हवे आहे.

आता आमच्याच व्यवसायबंधूंकडे वळतो, कारण दोषाचा वाटा आपल्याही पदरी आहे. सहलीची आखणी हॉटेलापासून आणि विमानापासून सुरू करावयाची व मुलांचे कागद सर्वांत शेवटी मागावयाचे, ही पद्धत होडी पाण्यात लोटल्यावर तिच्या फळ्या तपासण्यासारखी आहे. सहा वर्षांखालील मुलाला शेंगेन व्हिसाचे शुल्क नाही, बारा वर्षांखालील मुलाच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, म्हणून लहान मुलाचे प्रकरण सोपे, असा आपल्यापैकी अनेकांचा समज झालेला दिसतो. वास्तविक प्रौढाच्या प्रकरणात एका माणसाचे कागद लागतात आणि मुलाच्या प्रकरणात तिघांचे. वडील आखातात नोकरीला असतील, किंवा जहाजावर असतील, तर मुलाच्या पारपत्रासाठी लागणाऱ्या दोन्ही पालकांच्या घोषणापत्रावर त्यांची सही कशी मिळवावयाची, तेथील भारतीय वकिलातीतून प्रतिज्ञापत्र साक्षांकित करून कधी मागवावयाचे, आणि आई एकटीच मुलाला घेऊन जाणार असेल तर वडिलांचे संमतिपत्र कोणत्या नमुन्यात हवे, हे पहिल्या भेटीतच विचारले पाहिजे. आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी धाकट्या मुलाचा दाखला आणि आईचे पारपत्र शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचावे. या कामाला पंधरा मिनिटे लागतात. भ्रमणध्वनीवर आलेल्या अंधुक छायाचित्रावरून ते होत नाही.

वर्षाचे वेळापत्रकही आपल्या लोकांचे वेगळे आहे हे विसरू नये. दिवाळीपासून मेपर्यंत हे कुटुंब पाहुण्यांच्या सरबराईत गुंतलेले. समुद्र बंद होतो २६ मेला आणि शाळा उघडते जूनच्या मध्यास. म्हणजे प्रवासाला मिळतात जेमतेम अडीच आठवडे. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, म्हणजे नोव्हेंबरअखेरपासून, ऐन हंगामात. तेव्हा दाखला, नाव, दुरुस्ती, पारपत्र ही सर्व कामे त्यापूर्वी, गणपती विसर्जन झाल्यापासून दसऱ्यापर्यंतच्या दिवसांत उरकली पाहिजेत. चाकरमानी परतलेले असतात, पाहुणे यावयाचे असतात, आणि पंचायतीत गर्दीही कमी असते.

त्या अडीच आठवड्यांत बर्फ कोठे मिळतो हे सांगतानाही प्रामाणिकपणा हवा. मेअखेरीस युरोपातील गावालगतचे शिकाऊ उतार हिरवे झालेले असतात. बारमाही स्कीइंग चालते ते झेरमाटच्या किंवा ऑस्ट्रियातील हिंटरटुक्सच्या हिमनदीवर, आणि झेरमाटचे वरचे स्थानक ३,८८३ मीटरवर आहे. ज्या बाळाने आंबोलीच्या घाटापलीकडे उंची पाहिलेली नाही, त्याला समुद्रसपाटीवरून उचलून दोन दिवसांत तेथे रज्जुमार्गाने चढविणे आम्हांस मान्य नाही. बालरोगतज्ज्ञांच्या लेखी सल्ल्याशिवाय कोणीही तसे करू नये. ३,०२० मीटरवरच्या टिटलिसला बर्फ जरूर दिसतो, त्यावर घसरण्याचा खेळही मिळतो, पण त्याला 'स्की सहल' म्हणून विकणे ही फसवणूक होय. न्यूझीलंडचा हंगाम जूनच्या मध्यास सुरू होतो, नेमका आपल्या शाळा उघडताना. राहता राहिले दुबई. २००५ पासून तेथे छपराखालील बर्फाचा उतार बारा महिने चालू आहे, आपल्या जिल्ह्यातील असंख्य घरांचे कोणी ना कोणी त्या शहरात आहे, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा बर्फावर उभे करण्यासाठी ती जागा आम्हांला आल्प्सपेक्षा शहाणपणाची वाटते. स्की शाळा साधारणपणे तीन-चार वर्षांपासून मुले घेतात. त्याहून लहान मुलासाठी पाळणाघराची किंवा आळीपाळीने एका पालकाने थांबण्याची सोय आधी ठरवावी. विमानात दोन वर्षे पूर्ण होताच स्वतंत्र आसन लागते, म्हणून परतीच्या दिवशीचे वय मोजावे. विम्याविषयी एवढेच, की शेंगेनला लागणारे ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण असले तरी पुष्कळशा साध्या विमापत्रांतून हिमक्रीडा वगळलेल्या असतात. ती अट वाचल्याशिवाय विमापत्र ग्राहकाच्या हाती देऊ नका.

बंधुभगिनींनो, केवळ तक्रारी छापून हा प्रश्न सुटणार नाही. जिल्हा आरोग्य अधिकारी हे जन्म-मृत्यू नोंदणीचे जिल्हा निबंधक असतात. त्यांच्याकडे सिंधुदुर्गनगरीस शिष्टमंडळ नेण्याचे आम्ही ठरविले आहे. प्रत्येक तालुक्यात दुरुस्तीसाठी महिन्यातून एक ठरावीक दिवस असावा, प्रत्येक अर्जाला तारखेची पोच मिळावी, नकार द्यावयाचा तो लेखी आणि कलम दाखवून द्यावा, आणि गोव्यात जन्मलेल्या मुलांच्या नोंदींसाठी दोन्ही राज्यांच्या निबंधकांनी आपसांत पत्रव्यवहाराची सोय करावी, एवढेच आपले मागणे राहील. यासाठी आम्हांला आपल्या प्रकरणांची टिपणे हवी आहेत. मुलाचे वा पालकांचे नाव कळवू नका. अर्ज कोणत्या तारखेला दिला, काय उत्तर मिळाले, किती फेऱ्या झाल्या आणि सहलीचे काय झाले, एवढे एका पानावर लिहून पोचीच्या नकलेसह पुढील अंक छपाईस जाण्यापूर्वी कार्यालयात पाठवा. ज्यांनी आजवर पोच मागितलेली नाही त्यांनी येत्या आठवड्यात पुन्हा पंचायतीत जाऊन नवा लेखी अर्ज द्यावा आणि शिक्क्यासह पोच घ्यावी. पोच नसलेले प्रकरण शिष्टमंडळाच्या हाती देता येणार नाही.