सह्याद्रीचा थर्मोस्टॅट

‘हवामान काय, कायमच बदलत आलंय. ज्वालामुखी फुटायचे तेव्हा कुठे गाड्या होत्या?’ कॉलेजच्या कट्ट्यावर हा मुद्दा हमखास निघतो. आणि गंमत म्हणजे तो मांडणारा अर्धा बरोबर असतो. पुरावा हवा असेल तर तुम्ही पावसाळ्यात ट्रेकला जाता, तो सह्याद्रीच बघा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले. गडांच्या कड्यांवर दिसणारे आडवे पट्टे म्हणजे हेच थर. त्या उद्रेकांतून कार्बन डायऑक्साइडही प्रचंड प्रमाणात बाहेर पडला.

पुढची गोष्ट मात्र कट्ट्यावर कुणी सांगत नाही. तोच काळा खडक आज हवेतला कार्बन कमी करतोय. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि बेसॉल्टला झिजवतं. त्या झिजेतून कार्बन नदीवाटे समुद्रात जातो, शिंपल्यांत आणि पुढे चुनखडीत अडकतो. हवा तापली, पाऊस वाढला की झीज वाढते, कार्बन जास्त खेचला जातो. फ्रिजमधला थर्मोस्टॅटच म्हणा ना! फक्त या थर्मोस्टॅटला काम करायला लाखो वर्षं लागतात.

आपण घाई केलीय ती इथे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे साधारण २८० रेणू होते; आज ४२०च्या वर आहेत. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा सोडतात, तो माणसाच्या उत्सर्जनाच्या जेमतेम एक टक्का भरेल. १९९१मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो फुटला तेव्हा तर उलटंच झालं. गंधकाच्या सूक्ष्म कणांनी ऊन अडवलं, जग सुमारे अर्ध्या अंशाने थंडावलं. दोन-तीन वर्षांत कण खाली बसले, विषय संपला. कार्बन असा खाली बसत नाही.

निसर्गाच्या झटपट चालणाऱ्या काही प्रक्रिया तर आगीत तेल ओततात. आर्क्टिकचा पांढरा बर्फ वितळला की खालचा गडद समुद्र जास्त ऊन शोषतो. सायबेरियाची गोठलेली जमीन सैल झाली की तिच्यातला कार्बन हवेत येतो.

बेसॉल्टची पूड शेतात पसरून झीज वेगाने घडवता येईल का, याचे प्रयोग सध्या सुरू आहेत. केमिस्ट्री आणि ॲग्रीवाल्यांनो, यात जरूर डोकं घाला. फक्त दगड दळायला किती वीज आणि वाहून न्यायला किती डिझेल लागेल, तो हिशेब आधी मांडा.